घड्याळावर वीज विकणारा माणूस

पिंपरी-चिंचवड आणि भोसरीकडच्या कितीतरी कारखान्यांना रविवारी नव्हे, तर गुरुवारी सुट्टी असते, हे पुणे परिसरातल्या मंडळींना नवीन नाही. मुलांची शाळा रविवारी बंद आणि वडिलांचा कारखाना गुरुवारी बंद, अशा घरांत दोन पिढ्या वाढल्या. लग्नाचे मुहूर्त, पाहुण्यांचे येणे-जाणे, एवढेच काय पण घरातले मोठे भांडणसुद्धा गुरुवारपर्यंत थांबवून ठेवायची सवय या घरांना लागली. राज्यातल्या सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी चाके फिरवली आणि एकाच दिवशी थांबवली, तर विजेचा भार सहा दिवस डोक्यावर आणि सातव्या दिवशी पायाशी, अशी अवस्था होते. ती टाळावी म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले गेले. आमच्या भागाच्या वाट्याला गुरुवार आला.

ओतीव काम करणाऱ्या एका कारखान्याच्या उत्पादन नियोजन विभागात माझे सगळे आयुष्य गेले. कोणते काम कोणत्या यंत्रावर, कोणत्या पाळीत, कोणाच्या आधी आणि कोणाच्या मागे, याचे तक्ते मांडणे हा माझा धंदा. हे तक्ते मांडताना माल वेळेवर जावा, हा एक विचार असतो आणि विजेचे बिल आटोक्यात राहावे, हा दुसरा. या दुसऱ्या विचाराचा उगम शोधू गेलो, की वाट थेट एका माणसाच्या दारात जाऊन थांबते. त्याचे नाव सॅम्युअल इन्सल. १९३०च्या सुमारास अमेरिकेत हे नाव ठाऊक नाही असा माणूस सापडला नसता. पुढे दोन-तीन वर्षांतच तेच नाव शिवीसारखे वापरले जाऊ लागले. आज त्याची आठवण फारशी कोणाला नाही. पण आपल्या कारखान्यांना वीजबिलाचे जे गणित सोडवावे लागते, त्याचा पाया या गृहस्थाने घातला.

लंडनचा कारकून

इन्सलचा जन्म ११ नोव्हेंबर १८५९चा, लंडनमधला. घरची परिस्थिती बेताची. वडील दारूबंदीच्या चळवळीतले. ध्येय मोठे आणि मिळकत तुटपुंजी, हा जगभरच्या चळवळ्या माणसांचा संसार त्यांच्याही वाट्याला आला होता. चौदाव्या वर्षी पोरगा एका लिलाववाल्यांच्या कचेरीत उमेदवार म्हणून लागला. फावल्या वेळात तो लघुलिपी शिकला आणि संध्याकाळी एका साप्ताहिकाच्या संपादकाचा मजकूर उतरवून घेऊ लागला. १८७९ साली एका अमेरिकन गृहस्थाला सचिव हवा असल्याची जाहिरात त्याने पाहिली आणि अर्ज केला. हे गृहस्थ म्हणजे कर्नल गूरो, दस्तुरखुद्द थॉमस एडिसनचे लंडनमधले प्रतिनिधी. एडिसनच्या टेलिफोन कंपनीच्या त्याच लंडनच्या कारभारात त्या काळात आणखी एक तरुण नोकरीला होता. त्याचे नाव जॉर्ज बर्नार्ड शॉ! एक पुढे नाटके लिहू लागला आणि दुसऱ्याचे आयुष्यच नाटक झाले.

१८८१च्या फेब्रुवारी महिन्याच्या शेवटी इन्सल न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला तो एडिसनचा खासगी सचिव म्हणून. वय अवघे एकवीस. एडिसनला दिवस-रात्रीचे भान नसायचे आणि पैशाचे तर त्याहून नसायचे. पहिल्याच रात्री दोघे पहाटेपर्यंत हिशेब घेऊन बसले, असे सांगतात. पुढच्याच वर्षी, ४ सप्टेंबर १८८२ रोजी, न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले. दिवा एडिसनचा होता. पण त्यासाठी कर्ज कुठून आणायचे, देणेकऱ्यांना कसे थोपवायचे, सामान कुठून घ्यायचे, हे सगळे इन्सल पाहत असे. मग स्केनेक्टडी गावच्या कारखान्याची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि काहीशे माणसांचा तो कारखाना त्याने काही हजारांवर नेला.

१८९२ साली एडिसनची कंपनी दुसऱ्या एका कंपनीत विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिकचा जन्म झाला. इन्सलला तिथे मोठे पद मिळत होते. त्याने ते नाकारले आणि शिकागो एडिसन या लहानशा कंपनीचे अध्यक्षपद पत्करले. पगार पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला. भरीस भर म्हणून शिकागोतले बडे व्यापारी मार्शल फील्ड यांच्याकडून अडीच लाख डॉलर कर्ज काढून त्याने त्याच कंपनीचे भाग घेतले. आपल्याकडचे वडीलधारे अशा वेळी मुलाला चार गोष्टी नक्कीच सुनावतात.

चाळीतली न्हाणीघरे

त्या काळातली वीज म्हणजे श्रीमंतांची चैन होती. शिकागोत बारीकसारीक वीज कंपन्यांची खोगीरभरती होती. शिवाय मोठी हॉटेले, दुकाने, कारखाने आपापल्या तळघरात स्वतःचे वाफेचे इंजिन आणि जनित्र चालवत. वीज महाग होती; कारण संध्याकाळी दोन-चार तास दिवे लागत आणि उरलेला दिवस यंत्रे धूळ खात पडत. यंत्रासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र चोवीस तास चालूच असे. व्याजाला काही रात्र-दिवस नसतो.

इन्सलने नेमके हे ओळखले. बाकीचे वीज कंपनीवाले किती युनिटे विकली ते मोजत होते; हा माणूस ती केव्हा विकली ते मोजू लागला. विजेचा धंदा म्हणजे कोळशाचा नव्हे, तर व्याजाचा धंदा आहे, हे त्याच्या मनाने घेतले. वीज तेव्हा मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवता येत नव्हती. दिवसातल्या ज्या एका तासाला मागणी सर्वांत जास्त, तेवढी यंत्रे उभारावीच लागत. समजा, शंभर किलोवॉटचे यंत्र आहे आणि दिवसभराची सरासरी मागणी पंचवीस किलोवॉट. म्हणजे यंत्राचा चौथाई उपयोग आणि पैसा मात्र सगळाच्या सगळा अडकलेला. या प्रमाणाला आमच्या धंद्यात लोड फॅक्टर म्हणतात. तो वाढला, की त्याच यंत्रातून अधिक युनिटे निघतात आणि प्रत्येक युनिटावरचा व्याजाचा बोजा हलका होतो.

तो वाढवायचा कसा? आपल्या चाळींचे उदाहरण घेऊ. वीस बिऱ्हाडांच्या मजल्याला चार न्हाणीघरे पुरतात. का? तर कोणी पहाटे पाचला आंघोळ करून कामावर जातो, कोणी सातला, शाळेची मुले त्यानंतर आणि घरातल्या बायका सगळे आवरल्यावर. सगळ्यांनी एकाच वेळी टॉवेल खांद्यावर टाकला, तर वीस न्हाणीघरेही कमी पडतील. विजेचेही तसेच आहे. दुकानाला दहा किलोवॉट, गिरणीला दहा, नाटकगृहाला दहा. तिघे एकदम मागू लागले तर तीस किलोवॉटची यंत्रे लागतील. पण गिरणी सकाळी, दुकान संध्याकाळी आणि नाटकगृह रात्री मागणार असेल, तर दहातच तिघांचे भागते. गिऱ्हाइकांच्या गरजा जितक्या निरनिराळ्या वेळेच्या, तितकी वीज स्वस्त. एवढ्या साध्या गोष्टीवर इन्सलने आपले साम्राज्य उभे केले.

बर्फ, ट्राम आणि इस्त्री

१८९४च्या नाताळात तो मायदेशी गेला होता. इंग्लंडमधल्या ब्रायटन गावात विजेचे दिवे लहानसहान दुकानांतूनही लागलेले त्याने पाहिले आणि त्याला नवल वाटले. चौकशी केली तेव्हा आर्थर राइट नावाच्या तिथल्या इंजिनिअरचा मीटर त्याच्या हाती लागला. हा मीटर गिऱ्हाइकाने एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली तेही दाखवी. त्यावरून दर ठरे : जो थोडा वेळ पण एकदम खूप वीज ओढतो त्याला महाग, जो सारखी ओढत राहतो त्याला स्वस्त. इन्सलने ही पद्धत शिकागोत आणली. आज कारखान्याच्या बिलात वापरलेल्या युनिटांखेरीज मॅक्झिमम डिमांडचा जो वेगळा आकडा असतो, तो याच घराण्यातला.

मग तो सोयीच्या वेळची गिऱ्हाइके शोधत सुटला. ट्राम आणि उन्नत रेल्वेची वीज स्वतःच्या यंत्रांऐवजी आपल्याकडून घ्यावी म्हणून त्याने त्यांना पडत्या दराने करार देऊ केले. बर्फाचे कारखाने तर त्याच्या पथ्यावरच पडले. बर्फाला मागणी उन्हाळ्यात आणि शिकागोतला विजेचा कहर हिवाळ्यात, डिसेंबरच्या संध्याकाळी, जेव्हा कारखाने अजून सुटलेले नसतात, ट्राम भरभरून धावतात आणि घरोघर दिवे लागलेले असतात. शिवाय बर्फवाल्याला यंत्र चार तास बंद ठेवायला सांगितले तर त्याचे फारसे बिघडत नाही. उत्पादनाची वेळ विजेच्या सोयीने हलवायची, ही गोष्ट इथे पद्धतशीर धंदा म्हणून सुरू झाली. गृहिणींनाही त्याने सोडले नाही. विजेच्या हजारो इस्त्र्या त्याच्या कंपनीने शिकागोतल्या घरांत वापरून पाहायला दिल्या. इस्त्री दिवसा होते आणि दिवसा त्याची यंत्रे रिकामी असत.

मोठी मागणी आली तशी मोठी यंत्रे हवीत. १९०३ साली फिस्क स्ट्रीटच्या केंद्रात त्याने पाच हजार किलोवॉटचे वाफेचे टर्बाइन बसवले. एवढे मोठे टर्बाइन तोपर्यंत त्या देशात कोणी वापरले नव्हते. पहिल्यांदा ते सुरू करताना इंजिनिअरने इन्सलला सुरक्षित अंतरावर जाण्याची विनंती केली आणि त्याने ती साफ नाकारली, असा किस्सा सांगतात. यंत्र उडाले असते, तर त्याची सगळी मिळकतही त्याबरोबर उडालीच असती! १९०७ साली कॉमनवेल्थ एडिसन ही एकत्र कंपनी उभी राहिली. १९१०च्या सुमारास शिकागोच्या उत्तरेला लेक काउंटीत त्याने लहान गावे आणि शेतमळे एकाच तारेने जोडले. ज्या खेड्यांत संध्याकाळपुरती वीज यायची, तिथे ती दिवसभर येऊ लागली. १९१२ साली मिडल वेस्ट युटिलिटीज ही कंपनी निघाली आणि इन्सलची वीज राज्याराज्यांत पसरली. दर वर्षानुवर्षे उतरत गेले. चैनीची वस्तू गरजेची झाली.

आमच्या भट्ट्या

इन्सलचे हे गणित किती खरे आहे, ते मी रोज पाहिले. एक टन लोखंड इंडक्शन भट्टीत वितळवायला साधारण सहाशे युनिटे लागतात. आमच्याकडे दोन भट्ट्या. दोन्ही एकाच वेळी पूर्ण ताकदीने लावल्या, की मीटरवरचा मॅक्झिमम डिमांडचा आकडा चढलाच म्हणून समजा. आणि महिन्यातून एकदा चढला तरी दंड त्या अख्ख्या महिन्याच्या बिलावर. म्हणून एक भट्टी वितळवत असताना दुसरीतला रस ओतून घ्यायचा, असा क्रम आम्ही बांधला. त्याला नवे यंत्र लागले नाही की पैसा लागला नाही. लागला तो एक तक्ता आणि तो पाळण्याची शिस्त.

विजेची खरी नासाडी मात्र निराळीच असते. साचे तयार नसतात आणि भट्टीत रस तयार असतो. मग तो तसाच तापलेला धरून ठेवावा लागतो. वीज जळत राहते आणि एकही नग तयार होत नाही. स्वयंपाकघरात भाजी चिरलेली नाही आणि तेल तापून धूर निघतोय, तसलाच हा प्रकार. साचेवाले, भट्टीवाले आणि ओतणारे यांची वेळ जुळवली, की जी वीज वाचते ती कोणत्याही महागड्या यंत्राने वाचत नाही.

पुढे महाराष्ट्रात उद्योगांना वेळेनुसार वीजदर लागू झाले. संध्याकाळची वीज महाग, रात्री दहानंतरची स्वस्त. साहजिकच वितळवण्याचे काम आम्ही रात्रपाळीत ढकलले. बिल उतरले. साहेब खूष झाले. आणि इथेच मला इन्सलच्या वहीत नसलेला एक रकाना दिसू लागला. रात्री भट्टीपुढे उभा राहणारा माणूस दिवसा एका खोलीच्या, पत्र्याच्या घरात झोपणार कसा? त्याची बायको मुलांना दिवसभर गप्प करत असते. मुलगा शाळेतून येतो तेव्हा बाप उठलेला असतो, पण डोळे तारवटलेले. वीज स्वस्त होते त्या तासाला माणूस महाग पडतो. फक्त ती किंमत कारखान्याच्या बिलात येत नाही, ती त्याच्या घरात वसूल होते. म्हणून पुढे तक्ता मांडताना रात्रपाळी फिरती ठेवायची आणि ओळीने फार आठवडे एकाच माणसाला द्यायची नाही, यावर मी अडून बसत असे. त्यापायी युनिटामागे काही पैसे जास्त गेले असतील. ते वाया गेले, असे मला वाटत नाही.

सगळ्यांना एकदम हवे असते तेव्हा

इन्सलच्या कंपन्यांचा पसारा वाढत गेला तसा त्यावर कंपन्यांचा मजला चढला, त्या मजल्यावर आणखी एक. खालच्या कंपन्या वीज विकत. वरच्या कंपन्या फक्त खालच्यांचे भाग बाळगत. हे भाग त्याने सामान्य माणसांना विकले : वीज ग्राहकांना, नोकरांना, शिक्षकांना, विधवांना. इन्सलचा भाग म्हणजे बँकेपेक्षा खात्रीचा, असा लोकांचा समज झाला होता. आपल्या ताब्यावर दुसऱ्या कोणी हात टाकू नये म्हणून १९२८ आणि १९२९ साली त्याने आणखी दोन कंपन्या काढल्या. १९३० साली सायरस ईटन या धनिकाने जमवलेले भाग त्याने सुमारे ५६ दशलक्ष डॉलरला परत विकत घेतले. त्यासाठी कर्ज काढले आणि तारण म्हणून आपलेच भाग ठेवले.

४ नोव्हेंबर १९२९ रोजी शिकागोत त्याने बांधवून घेतलेल्या भव्य ऑपेरागृहाचा पडदा उघडला. अवघ्या काही दिवसांपूर्वी न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला होता. पुढची दोन वर्षे तो तग धरून राहिला. पण भागांचे भाव पडत गेले, तारण तोकडे पडले, बँकांनी मान आवळली. १९३२च्या एप्रिलमध्ये वरच्या कंपन्या बुडाल्या आणि जूनमध्ये त्याने साठांहून अधिक कंपन्यांची अध्यक्षपदे सोडली. खालच्या, खऱ्या वीज बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या चालतच राहिल्या, दिवे विझले नाहीत. बुडाली ती वरच्या मजल्यांवर ठेवलेली लोकांची पुंजी.

मला इथे पुन्हा ती चाळ आठवते. सगळ्यांची गरज एकाच वेळी येत नाही, यावर त्याची सारी बुद्धी उभी होती. विजेच्या बाबतीत ते खरेच होते. पण पैशाचे तसे नसते. घबराट झाली की चाळीतली वीसही बिऱ्हाडे एकाच वेळी बादली घेऊन उभी राहतात. ज्या तासासाठी यंत्र किती मोठे हवे, हे जन्मभर मोजले, तो तास कर्जाच्या वहीतही येऊ शकतो, हे त्याने धरले नाही.

इन्सल आधी पॅरिसला आणि मग ग्रीसला गेला. १९३२च्या अमेरिकन निवडणुकीत रूझवेल्ट यांनी त्याच्या नावाने भाषणे गाजवली. ग्रीसच्या न्यायालयांनी त्याला परत पाठवायला नकार दिला. पण अखेरीस तिथल्या सरकारने देश सोडायला सांगितले. १९३४च्या मार्चमध्ये तो एका भाड्याच्या जहाजावर चढला. इस्तंबूलला तुर्कांनी त्याला उतरवून अमेरिकेच्या हवाली केले. पंचाहत्तरीला टेकलेला हा म्हातारा शिकागोच्या तुरुंगात गेला. फसवणुकीच्या खटल्यात त्याच्याबरोबर त्याचा मुलगाही आरोपी होता. २४ नोव्हेंबर १९३४ रोजी ज्युरीने सर्वांना निर्दोष ठरवले. पुढच्या दोन खटल्यांतही तो सुटला. १९३५ साली अमेरिकेने अशा मजल्यांवर मजले चढवणाऱ्या वीज कंपन्यांना वेसण घालणारा कायदा केला.

१६ जुलै १९३८ रोजी पॅरिसच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनात हृदय बंद पडून तो कोसळला. खिशात किरकोळ नाणी होती. ज्याने शहरेच्या शहरे उजळली, त्याची ओळख परटाच्या बिलावरून पटवावी लागली.

उरलेला प्रश्न

त्याला सैतान ठरवणे सोपे आणि महात्मा ठरवणेही सोपे. मला ही दोन्ही टोके पटत नाहीत. गरिबाच्या घरात वीज पोहोचावी इतकी ती स्वस्त करणारा तोच आणि गरिबाची पुंजी धोक्यात घालणाराही तोच. न्यायालयाने तो गुन्हेगार नाही असे सांगितले; पण ज्यांचे आयुष्यभराचे शिलकीचे पैसे गेले, त्यांना त्या निकालाने काय दिले?

त्याने मांडलेला तास मात्र आता पुन्हा सरकतो आहे. सूर्याची वीज दुपारी भरपूर असते आणि सूर्य मावळला की ओढ लागते. केंद्र सरकारने २०२३ साली केलेल्या नियमांत दिवसाच्या सौर तासांत दर कमी आणि मागणीच्या कळसाच्या तासांत जास्त ठेवण्याची तरतूद केली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती दहा किलोवॉटहून अधिक मागणीच्या औद्योगिक आणि व्यापारी ग्राहकांना लागू करण्याचे ठरवले. म्हणजे ज्या भट्ट्या स्वस्ताईपायी रात्रीत ढकलल्या गेल्या, त्यांना आता दुपारचे आमंत्रण आहे. नव्या पिढीचे नियोजनकार संगणकावर क्षणात तक्ते बदलतील. त्यांनी या वेळी एक रकाना जास्तीचा ठेवावा, एवढेच मला सुचवावेसे वाटते. युनिटे किती वाचली, रुपये किती वाचले, याच्या शेजारी आणखी एक : किती माणसे रात्री आपापल्या घरी झोपली. बऱ्याच वर्षांनी वीज आणि माणूस यांच्या सोयीची वेळ एकच येते आहे. ती संधी वाया घालवू नये.